स्पीकरवरचा हात

जुन्या बाजारातून काल आणखी एक टेपरेकॉर्डर आणला. घरचे याला छंद म्हणतात, मीही म्हणू देतो. मागचं झाकण उघडलं, तसा गळलेल्या सेलांचा उग्र वास आला आणि अण्णा आठवले.

माझे वडील, अण्णा, सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मागावर होते. तिथल्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. घरी आले की टेप मोठ्यानं लावायचे आणि स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून डोळे मिटून बसायचे. गाण्याचा ठेका त्यांना हातातून कळायचा.

एकदा माझे कॉलेजातले मित्र आले होते. "टेपला ताप आलाय का बघतात काय रे?" एक जण म्हणाला. सगळे हसले. मी आवाज पार खाली केला.

अण्णांनी डोळे उघडले. "बंद पडला व्हय रं?"

"बिघडलाय!" मी ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ते टेप दुरुस्तीला घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी तो हळूच माझ्यापुढं ठेवला.

"मेकॅनिक म्हणला, ह्याला काय बी झालं न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू ऐक की. मला मागाचाच आवाज लई होतोय."

त्यानंतर त्यांनी टेपवर कधी हात ठेवला नाही. ठेवा, असं मीही म्हणालो नाही.