सावद्याच्या बंद गाडीचा भाव

वना मिस्तरीला लीलाधर पाटलाने मुद्दाम निवडले होते. जळगावात मोटारींचे मिस्तरी आणखी तिघे-चौघे होते आणि दोघे तर वनापेक्षा नावाजलेले. पण सावद्याच्या पंडितनानांच्या घरावर ज्याचा राग होता असा मिस्तरी एकच होता.

ही गोष्ट १९४४ सालातली. पंडितनाना त्याच्या वर्षभर आधी वारले. केळीचे बाग, जळगावच्या एका कापसाची सरकी काढायच्या जिनात भागी आणि एक मोठी अमेरिकन गाडी एवढे मागे राहिले. त्या वेळी तालुक्यात ज्या थोड्या मोटारी होत्या त्या बहुतेक कापडी टपाच्या. ही मात्र वरून पत्र्याची, चारी बाजूंनी काचा असलेली, म्हणून लोक तिला बंद गाडी म्हणत. नानांची बायको सुगंधाबाई गाडी विकायला निघाली. चार हजार मागत होती. नानांचा चुलतभाऊ लीलाधर दीड हजारावर अडून बसला होता. पेट्रोल कुपनावर मिळते, गाडी दोन वर्षे गोठ्याशेजारी उभी आहे, आता तिला घेतो कोण, असे तो ज्याला त्याला सांगत फिरला. दोघांचे बोलणे बंद पडले. शेवटी सुगंधाबाईच्या भावाने मध्ये पडून ठरवले, की जळगावचा मिस्तरी आणावा, तो सांगेल तो भाव. मिस्तरी मी आणतो, असे लीलाधर लगेच म्हणाला.

वना मूळचा धुळ्याकडचा. घरची कोरडवाहू शेती भावांना पुरेना म्हणून तो पोरवयात धुळ्याला तेलइंजिनावर लागला आणि तिथून नानांच्या जिनात आला. तिथे सहा वर्षे इंजिन त्याच्या हातात होते. एका हंगामात त्याने नानांना दोनदा सांगितले, की मोठी बेअरिंग खलास झाली आहे, बदला. हंगाम संपल्यावर बघू, असे नाना म्हणाले. पौषात भर कामात इंजिन अडकले आणि जिन नऊ दिवस बंद राहिला. नानांनी सगळ्या गड्यांसमोर वनाच्या थोबाडीत मारली आणि त्याने वंगणाचे तेल चोरून विकले म्हणून बेअरिंग जळाली, असे जाहीर केले. बेअरिंगचे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते, असेही म्हणाले आणि वनाला कामावरून काढले. त्यानंतर वर्षभर वनाला कोणी इंजिनाला हात लावू दिला नाही. त्याची बायको तानुबाई दुसऱ्या जिनात सरकीच्या टोपल्या वाहायला जात होती. पुढे जळगावातच मेहरूणच्या वाटेवर त्याने पत्र्याची शेड टाकली, मोटारी दुरुस्त करू लागला, हळूहळू बस्तान बसले. पण चोर हा शब्द काही गेला नाही.

लीलाधर शेडवर आला तेव्हा त्याने हे सगळे आडून आडून काढले. देव करतो ते बरोबर करतो, असेही म्हणाला. बाराशे-तेराशे सांगितले तरी कोण विचारणार, तुझा शब्द शेवटचा. वनाने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तानुबाईने मात्र रात्रीच सांगून टाकले, की आठशे सांगा.

सावदा स्टेशनवरून बैलगाडीने गावात जाताना लीलाधरचे घर आधी लागले. मागच्या आवारात त्याच्या दोन भाड्याच्या मोटारी लाकडी ठोकळ्यांवर उभ्या होत्या. चाकांवर टायर नव्हते. लढाईमुळे नवा टायर परवान्याशिवाय मिळत नव्हता आणि परवाना भाड्याच्या मोटारीला कोण देतो? वनाने त्या उघड्या चाकांकडे एकदा पाहिले.

सुगंधाबाई ओसरीवर उभी होती. वना समोर येताच तिने त्याला ओळखले. पाणी विचारले नाही.

"तुम्हीच ना ते, ज्यांना आमच्या मालकांनी काढलं होतं?"

"मीच."

"मग भाव काय सांगाल ते मले आताच माहीत आहे."

"माहीत असंल तर मी जातो."

तिने दिराकडे पाहिले. लीलाधर खाली मान घालून पानाला चुना लावत होता. नाही म्हटले असते तर तिनेच शब्द मोडला असे झाले असते. ती म्हणाली, "बघा. मी इथंच उभी आहे."

आणि ती खरोखरच उभी राहिली. वनाने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. कोणी आधी चालवून गरम करून ठेवली असेल तर थंड इंजिनाची खोड कळत नाही. गार होते. मग हँडल लावून त्याने इंजिन हाताने सावकाश फिरवले. आठ सिलिंडर, आठ वेळा हाताला दाब लागायला हवा. सात ठिकाणी नीट लागला, एका ठिकाणी हात अर्धवट सुटला. तेलाची पट्टी काढून बोटांत तेल चोळले. गाडीखाली पाठीवर सरकत जाऊन स्प्रिंगचे पाटे पाहिले, गंज खरवडला. लीलाधर मध्येच म्हणाला, की बघायचे काय एवढे, डबडे आहे. वनाने खालूनच त्याला हँडल धरायला सांगितले आणि पाटलाला हात काळे करावे लागले.

इंजिनाच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, वनाला रंगाचा एक पट्टा जरा निराळा दिसला. त्याने चाकूच्या टोकाने खरवडला. आत सांधलेली भेग होती.

"हे केव्हा फुटलं?"

सुगंधाबाईचा चेहरा बदलला. "ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

"इंजिनानं."

मग तिने सांगितले, की चार वर्षांपूर्वी धुळ्याच्या वाटेवर उन्हाळ्यात पाणी उकळून सगळे उडाले होते. हे तिने कोणालाही सांगितले नव्हते. लीलाधर हसला आणि ते हसणे वनाला आवडले नाही.

जपून ठेवलेले डबाभर पेट्रोल घालून वनाने गाडी फैजपूरच्या वाटेवर तीन मैल नेली, चढावर दमवली, परत आणून पुन्हा त्या भेगेवर हात फिरवला. पाणी झिरपले नव्हते. सांधा कोणी केला होता तो चांगला केला होता. मग तो चारही चाकांपाशी बसला, टायरच्या खाचांत नख घालून पाहिले, मागे अडकवलेला जादाचा पाचवाही पाहिला. लढाई पेटण्याआधी घेतलेले, जेमतेम दोन हजार मैल चाललेले टायर होते. लीलाधरच्या त्या ठोकळ्यांवरच्या मोटारींची चाके याच मापाची होती.

वना चिंधीने हात पुसू लागला. बाराशे म्हणणे अगदी सोपे होते. भेग दाखवली असती की झाले. ती समोर उभी होती, नानांचीच बायको. त्या दिवशी जिनात सगळ्यांसमोर चापट बसली तेव्हाचा आवाज त्याला आठवला. पण त्याला आणखी एक गोष्ट कळत होती. बेअरिंगचे आपण खरे सांगितले होते, एवढेच त्याच्यापाशी उरलेले होते. आज या घरात बसून खोटे सांगितले, तर तेव्हाही हा खोटेच बोलला असेल, असे म्हणायला नाना स्मशानातून मोकळे.

"सत्तावीसशे," तो म्हणाला. "भेग नसती तर बत्तीसशे. एक सिलिंडर कमी दाबाचं आहे, पाटे बदलावे लागतील. पण पाच टायर आज बाजारात कुठं मिळत नाहीत. लीलाधरभाऊंना ते ठाऊक आहे, त्यांच्या दोन मोटारी टायरवाचून बसल्यात."

लीलाधरने पान थुंकले. तुला मी आणले की हिने, असे त्याने विचारले.

"तुमी आणं," वनाच्या तोंडून घरची बोली निघाली. "पण गाडीनी किंमत गाडी सांगस. मी नुसतं ऐकस."

सुगंधाबाई आत निघाली होती, ती दारात थांबली. तेराशे रुपये एका चाकूच्या टोकाने कापले, असे म्हणाली. मालकांनी काढले ते काही उगीच नाही काढले. वनाने तेही ऐकून घेतले. मजुरी लीलाधरने दिली नाही, तिने देण्याचा प्रश्नच नव्हता. बैलगाडीही निघून गेली होती. स्टेशनापर्यंत तो पायी गेला.

घरी तानुबाईने आकडा ऐकला आणि परात खाली ठेवली.

"मी वरीसभर सरकीन्या टोपल्या उचल्यात," ती म्हणाली, "त्या काय याकरता?"

पाच-सहा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, ताट मात्र वाढत होती.

लीलाधरने त्या भावाला गाडी घेतली नाही आणि जळगावभर सांगितले, की बाईने मिस्तरीला पैसे चारले. त्या महिन्यात शेडवर तीनच मोटारी आल्या. पण बोभाटा धुळ्यापर्यंत गेला आणि तिथला अभिमन नावाचा रस्त्याच्या कामाचा ठेकेदार चार महिन्यांनी एक दिवस शेडवर येऊन उभा राहिला. त्याला गाडी हवी होती. वनाने त्याला भेग सांगितली, सिलिंडर सांगितले, टायर सांगितले. अभिमन सावद्याला गेला, दोन दिवस घासाघीस केली आणि सव्वीसशे पंचाहत्तर देऊन गाडी घेऊन गेला. पाटे त्याने धुळ्यातच बदलून घेतले, वनाकडे आला नाही.

लीलाधरच्या मोटारी लढाई संपेपर्यंत ठोकळ्यांवरच राहिल्या. पुढे त्या चालू झाल्या तेव्हा दुरुस्तीला तो त्या भुसावळला नेई, जास्त पैसे पडले तरी.

सुगंधाबाई वनाला एकदाच पुन्हा भेटली. दोन वर्षांनी, जळगावच्या सराफ्यात. ती मुलीच्या लग्नाचे सोने घ्यायला आली होती, तो एका सराफाच्या मोटारीखालून नुकताच बाहेर निघाला होता. ती चार पावले पुढे गेली, मग मागे वळली.

"पंचवीस रुपये कमी आले," ती म्हणाली. "तुम्ही सत्तावीसशे म्हणाला होता."

"विकायला उशीर केला तुम्ही. चार महिन्यांचे झाले ते."

तिने ते मनात मोजल्यासारखे केले आणि मान न हलवता दुकानात गेली. वना पुन्हा मोटारीखाली शिरला. संध्याकाळी त्याने तानुबाईला हे सांगितले. तिने विचारले, की पाणी तरी विचारले का तिने. नाही म्हटल्यावर तिला बरे वाटल्यासारखे दिसले.