इंजिनाचं कडं

आई पडली तेव्हा मी घरात होतो. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

लोकांना माहीत आहे ते वेगळं. ताई फरशी पुसून महिला मंडळाच्या प्रार्थनेला गेली, मी प्रिंट काढायला सावेडीला गेलो, आई एकटीच उठली आणि ओल्या फरशीवर घसरली. यातलं माझं जाणं खोटं. प्रिंट मी सकाळीच आणल्या होत्या.

मी मागच्या खोलीत कागदाचं यान करत बसलो होतो. इंग्रजी सिनेमातलं अंतराळयान. त्याचे सुटे भाग इंटरनेटवर मिळतात. ते जाड कागदावर छापून घ्यायचे, कापायचे, रिकाम्या रिफिलने घडीच्या रेघा दाबायच्या आणि चिकटवत जायचं. कंपनीने आम्हाला लवकर घरी बसवलं, तेव्हापासूनचा हा नाद. आई चेष्टा करायची, "आरं, तुजं इमान शिर्डीला तरी उतरतंय का?"

त्या दुपारी इंजिनाचं कडं जोडत होतो. पट्टी पेन्सिलीवर गुंडाळून गोल करायची, तिचे बारीक दाते आतून गमने लावायचे आणि चिमटीत धरून बसायचं. मध्येच सोडलं तर पट्टी उसळते, वरची छपाई सोलून निघते. आधीचं एक कडं तसंच वाया गेलं होतं.

आईने हाक मारली, "आरं, जरा हात दे रं मला."

मी म्हणालो, "थांब, चिकटू दे."

तिने पुन्हा हाक मारली नाही. मग पडल्याचा आवाज आला. त्यानंतरही मी चिमटी लगेच सोडली नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. कडं मात्र नीट बसलं.

बाहेर आलो तर आई खुर्चीजवळ आडवी. तिला उचलता येईना, म्हणून शेजारच्या मावशींना बोलावलं, रिक्षा आणली. रिक्षात मावशींनी विचारलं, तू कुठं होतास? आईच म्हणाली, "ह्यो आत्ताच आला भायरून."

प्रिंटचं मी नंतर जोडलं.

आईने असं का सांगितलं, ते मी तिला कधी विचारलं नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं, ती पुन्हा उठली नाही. ताई म्हणत राहिली, मी फरशी ओली टाकून गेले. तुझा काही दोष नाही, असं आई तिला सांगायची. ताईला वाटायचं, आई समजूत घालते आहे.

यान पुरं झालं. आईला वर बघायला काहीतरी हवं म्हणून ताईनेच ते पलंगावर टांगलं, नाताळची चांदणी लावतो त्या हुकाला. भेटायला येणारे त्याचं कौतुक करायचे. पाळकांनी तर मान वर करून प्रत्येक भाग पाहिला. त्याच्याखाली पडून राहूनच आई गेली. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

आता घरात आम्ही दोघंच. ताई फरशी पुसते, मग जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन गुडघ्यांवर बसते आणि एकेक फरशी कोरडी करते. मी पाय वर घेतो.

आमच्यात मनात काही सलत असेल तर माणूस प्रभुभोजन घेत नाही. आई पडल्यापासून ताई घेत नाही. चर्चमध्ये भाकरीचं ताट आलं की ती मान खाली घालून ते माझ्याकडे सरकवते. मी घेतो. नाही घेतलं तर लोक विचारतील. पाळकापुढे बसून पाप सांगायची आमच्यात रीत नाही, देवाला सांगायचं असतं. देवाला सांगून झालं. त्याला माहीतच होतं.

यान अजून तिथंच आहे. पंख्याच्या वाऱ्याने फिरतं. एक पंख जरा कललाय, दोन-तीन जोड सुटायला आलेत. ते कडं मात्र घट्ट आहे.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. ताई माझं लिहिलेलं वाचत नाही, आणि ते मला ठाऊक आहे.

ताईला दोन गोष्टी सांगणं बाकी आहे. मी घरात होतो. आणि फरशी कोरडी होती, मी तिच्यावरून अनवाणी धावलो होतो.