नेपल्सच्या धक्क्यावर आईला सोडून आम्ही पॉम्पे बघितलं

'इटलीची क्रूझ कशी झाली? आम्हीही करावी का?' असं गेल्या महिनाभरात मला चार जणींनी विचारलं. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, ही पोस्ट गोड नाही. फोटो छान आलेत, ते इन्स्टावर बघा. परत येऊन सात आठवडे झाले तरी माझा राग काही पूर्ण उतरलेला नाही.

जायचं ठरलं ते आईमुळे. माझी आई शहात्तर वर्षांची आहे. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे ऑकलंडला, हिल्सबरोच्या घरी राहायला आली, त्याला आता पाच वर्षं झाली. आमच्या जवळच माउंट रॉस्किल आहे. आम्ही त्याला टेकडी म्हणायचो. आईने आल्या आल्या सांगितलं, की हा ज्वालामुखी आहे आणि तुम्ही त्याच्या अंगणात भाड्याने राहताय. व्हेसुव्हियस बघायचाय, हे मात्र ती आजवर एकदाच बोलली, तेही भांडी पुसताना. मी ते लक्षात ठेवलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

क्रूझ एवढ्यासाठी, की बॅग एकदाच उघडायची आणि रोज सकाळी खिडकीबाहेर नवं गाव. आई काठी घेऊन चालते. सपाटीवर दहा मिनिटं चालली की तिला टेकावं लागतं. न्यू लिनच्या ट्रॅव्हल एजंटला मी हे तीनदा सांगितलं, ईमेलवरही लिहिलं. तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज. काही प्रॉब्लेम नाही. हीप्स ऑफ आजी-आजोबा जातात." तो पंजाबी होता, आजी-आजोबा हे शब्द त्याने खास आमच्यासाठी वापरले. मी खूश होऊन सही केली.

ऑकलंड ते दोहा सतरा तास, पुढे रोम सहा तास. आम्ही चौघं होतो: मी, माझा नवरा मंदार, तेरा वर्षांची ईरा आणि आई. जहाजाच्या पत्रकावर 'रोम' लिहिलेलं असतं, पण बंदर आहे चिवितावेक्कियाला. विमानतळावरून गाडी बदलून तिथे जायला दीड तास लागतो, आणि स्टेशनपासून बंदरापर्यंत पुन्हा बस. थकलेल्या अंगाने त्याच दिवशी जहाजावर चढू नका. एक रात्र तिथेच राहा, बंदराजवळ साधी स्वस्त हॉटेलं आहेत. आम्ही राहिलो नाही. आईचे पाय सुजले होते आणि जहाजावर पहिलं काम होतं लाइफ जॅकेटच्या सूचना ऐकत उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी ला स्पेत्सिया. तिथून लोकल गाडीने वर्नात्झाला गेलो. डोंगराच्या पोटात चिकटवल्यासारखी गुलाबी-पिवळी घरं, खाली एवढंसं बंदर. गाव सुंदर आहे. पण आमच्यासारखी चार जहाजं आलेली असतील तर तुम्हाला गाव दिसत नाही, पाठी दिसतात. फोकाचा नावाचा पाव घ्या, गरम असतो, स्वस्त पडतो, शाकाहारी माणसाचं पोट भरतं. आम्हाला वरच्या वाटेवरून फोटो काढायचा होता. मंदार म्हणाला, "आई, तुम्ही इथे बाकावर बसा, छान वारा येतोय." आणि सगळ्यांच्या सॅक तिच्याजवळ ठेवल्या. वर जाऊन, रांगेत थांबून, फोटो काढून खाली यायला आम्हाला सव्वा तास लागला. आई तिथेच होती. "ते मळे बघितलेस?" तिने विचारलं. "सगळा डोंगर दगडी बांधांनी धरून ठेवलाय. मातीला घसरायची घाई, माणसांना पिकवायची." मी वरून ते बांध पाहिलेच नव्हते. मी स्वतःचा फोटो बघत होते.

तिसऱ्या दिवशी लिव्होर्नो, म्हणजे पत्रकातलं 'फ्लॉरेन्स'. बसने दीड तास जायला, दीड तास यायला. शहरात मिळाले तीन तास, त्यातला बराच वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत. गाइड झेंडा उंच धरून पुढे पळत होती. आई एका पायरीवर बसली आणि म्हणाली, तुम्ही बघून या. आम्ही बघून आलो. तुम्हाला ते शहर खरंच बघायचं असेल तर जमिनीवरून जा, आणि तीन दिवस राहा. जहाजावरून जाऊन फक्त 'गेलो होतो' म्हणता येतं.

चौथा दिवस नेपल्सचा. याच दिवसासाठी आम्ही आलो होतो. आई सकाळी सहालाच तयार होऊन बसली होती. नवीन बूट, पांढरी टोपी, पर्समध्ये छोटी वही. डेकवरून व्हेसुव्हियस समोर दिसत होता. ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

धक्क्यावर आमच्या बसच्या दारात क्रूझची एक बाई यादी घेऊन उभी होती. तिने आईच्या काठीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "या पण येणार आहेत? ही टूर अवघड श्रेणीतली आहे. अडीच तास दगडांवरून चालायचंय, मध्ये थांबता येत नाही. यांना नेता येणार नाही."

मी तिला एजंटचा ईमेल दाखवला. ती म्हणाली, हे तुमच्या एजंटचं आहे, आमचं नाही. यांचे पैसे परत मिळतील. बस चार मिनिटांत सुटेल. आत चाळीस माणसं बसलेली होती. कुणीतरी घसा खाकरला.

मंदार म्हणाला, "आई, तुम्ही जहाजावर आराम करा. नाहीतरी उन्हाचा तुम्हाला त्रासच झाला असता. आम्ही व्हिडिओ काढून आणतो."

"जा तुम्ही," आई म्हणाली. "माझं काही नाही."

"दॅट्स नॉट फेअर," ईरा म्हणाली. "इट वॉज हर थिंग." तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीतून. त्या सकाळी आमच्यात बरोबर बोलली ती एकटीच. मी बसमध्ये चढले.

पॉम्पेबद्दल लिहायला हवं, म्हणून लिहिते. रस्त्याच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत, त्यात बोट घातलं तर अर्धं आत जातं. पाव भाजायची भट्टी आहे, आपल्याकडच्या जुन्या बेकरीत शोभेल अशी. आणि कुठल्याही गल्लीतून मान वर केली की तो डोंगर. हे सगळं आम्ही दीड तासात पळत बघितलं. मग पोवळ्यांच्या दागिन्यांच्या दुकानात पाऊण तास. अडीच तास अखंड चालायचं होतं ना? दुकानात खुर्च्या होत्या, पंखा होता, थंड पाणी होतं. तिथे आई आरामात बसली असती. मला त्या दुकानातली काच फोडावीशी वाटत होती. मी ईरासाठी कानातले घेतले. तिने ते घातले नाहीत.

चार वाजता परत आलो तर केबिन रिकामी. जेवणाच्या हॉलमध्ये नाही, डेकवर नाही, वाचनालयात नाही. तिचा फोन उशीखाली. रिसेप्शनवरच्या माणसाने कार्डाची नोंद पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम दहा चाळीसला जहाजावरून उतरल्या आहेत. अजून आलेल्या नाहीत. साडेपाचला सगळे आत पाहिजेत. जहाज थांबत नाही."

मंदार म्हणाला, "मी उतरून थांबतो." मी म्हटलं, नाही, माझी आई आहे. तिचा आणि माझा पासपोर्ट घेऊन मी खाली उतरले. धक्क्यावर सावली नव्हती. मी त्या यादीवाल्या बाईला, एजंटला, मंदारला मनातल्या मनात जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाच वाजून पाच मिनिटांनी आई दिसली. काठी टेकत, मध्ये एकदा थांबून, पुन्हा चालत.

"तुला काही कळतं का गं?" मी ओरडले. "कुठे गेली होतीस? वय काय तुझं?"

"आधी मला बसू दे," ती म्हणाली. एका लोखंडी खुंट्यावर बसली, पाणी प्यायली. "पोत्सुओलीला गेले होते."

मी हे नाव ऐकलंही नव्हतं. नेपल्सला लागूनच ते समुद्रकाठचं जुनं गाव आहे. बंदराच्या दाराशी टॅक्सी होती, आईने वहीत लिहिलेलं नाव ड्रायव्हरला दाखवलं, अर्ध्या तासात तिथे. रस्त्याच्या कडेला, कठड्याच्या पलीकडे रोमन लोकांच्या बाजाराचे अवशेष आहेत. चालायचं काहीच नाही. मधोमध संगमरवराचे तीन खांब उभे.

"त्या खांबांवर उंचावर भोकांचा पट्टा आहे," आई सांगू लागली. "समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेला. म्हणजे बघ, बाजार जमिनीवर बांधला, मग अख्खी जमीन खचून खांब समुद्रात गेले, आणि पुन्हा वर आले. उभेच्या उभे. माझ्या एका जुन्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, टपालाच्या तिकिटाएवढं. ती भोकं त्यात दिसायची नाहीत. मी तीस वर्षं पोरींना सांगत आले, की आहेत म्हणून."

तिथली जमीन अजूनही वर येतेय, म्हणाली. जवळच्या धक्क्यापाशी पाणी आटल्यासारखं झालंय आणि होड्या चिखलात बसल्यात. ते बघत उभी असताना एका म्हाताऱ्या बाईने दुकानातून खुर्ची आणून दिली. ती इटालियन बोलत होती, आई मराठी. ती तळहात आडवा धरून हळूहळू वर नेत होती, मग थरथरवत होती. आईने हात खाली नेऊन परत वर आणला. दोघींना कळलं. त्या बाईनेच मग तिला हात धरून स्टेशनवर नेलं, गाडीत बसवलं, आणि शेजारच्या माणसाला बजावलं, की हिला नेपल्सला उतरव.

"मला सांगून जायचंस ना," मी म्हटलं.

"तुम्ही पॉम्पेला होतात," आई म्हणाली.

वर केबिनमध्ये मंदारनेही सुरुवात केली. "आई, असं करायला नको होतं. जहाज सुटलं असतं."

"मंदारराव, मी शाळेच्या सहली नेल्यात. चाळीस-चाळीस मुली वेळेत घरी पोहोचवल्यात. मला घड्याळ कळतं."

ईरा आजीच्या पलंगावर चढून बसली आणि म्हणाली, "टेल मी अबाउट द होल्स." मग तासभर त्या दोघींचंच चाललं होतं, एक मराठीत, एक इंग्रजीत. मी शेजारच्या खुर्चीत बसून रागाने धुमसत होते. तेव्हा मला वाटत होतं, मी आईवर चिडलेय.

पाचव्या दिवशी मेसिना. आम्ही कुठलीच टूर घेतली नाही. जहाजापासून कॅथेड्रलचा चौक अगदी जवळ आहे. वाटेत दोनदा टेकून आई तिथे पोहोचली. बारा वाजता घंटाघरावरचा सोनेरी सिंह मान हलवून गर्जना करतो, कोंबडा पंख फडफडवतो. लिंबाच्या बर्फाचा ग्रानिता खा, गोड ब्रेडबरोबर. आई म्हणाली, रस्ते रुंद का आहेत बघा, भूकंपात हे शहर पडलं आणि पुन्हा बांधलं. मंदारने विचारलं, "आई, कुठे बसायचं?" ती म्हणाली, "अजून बसायचं नाहीये."

तेव्हा मला आठवत गेलं. पाच वर्षांत आम्ही तिला किती ठिकाणी बसवलंय. न्यू लिनच्या मॉलमध्ये पिशव्यांजवळ. बीचवर सगळ्यांच्या टॉग्ज आणि जँडल्सच्या, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांच्या आणि चपलांच्या, ढिगाजवळ. माउंट रॉस्किलवर गाडीत. दर वेळी प्रेमाने, पाण्याची बाटली हातात देऊन. यादीवाल्या बाईने तिला निदान तोंडावर नाही म्हटलं होतं.

घरी आल्यावर मी क्रूझ कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली. त्यांनी खेद व्यक्त केला आणि पुढच्या क्रूझवर सवलत देऊ केली. मी ती नाकारली. एजंट आता माझा फोन उचलत नाही. तुम्ही घरच्या मोठ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर प्रत्येक टूरची श्रेणी क्रूझकडूनच लेखी मागवा. नाहीतर सरळ नेपल्सला आठवडाभर खोली घ्या, एका दिवसात एकच जागा बघा. आणि काय बघायचं हे त्यांना विचारा. आम्ही ते विचारलंच नव्हतं. वहीत पोत्सुओलीचं नाव आईने ऑकलंडलाच लिहून ठेवलं होतं.

गेल्या रविवारी मागच्या अंगणात गवार मोडत बसलो होतो. मी विचारलं, "आई, मी त्या दिवशी बसमध्ये चढले, त्याचा राग आला तुला?"

"चढलीस त्याचा नाही," ती म्हणाली. "पोरीला बघायचं होतं. पण बस निघेपर्यंत मी तिथेच उभी होते. हात केला. ईराने केला, मंदाररावांनी पण केला. तू बघितलंच नाहीस."

"मी फोनवर तो एजंटचा दुसरा ईमेल शोधत होते," मी म्हटलं. "त्या बाईशी भांडायला. तुझ्याचसाठी."

आईने शेंगेची शीर ओढून काढली.

"भांडण काय, नंतर झालं असतं," ती म्हणाली.