मागच्या बाईने ओळ उचलली नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही, देवीपुढेसुद्धा नीट नाही — तिथे नुसतीच हात जोडून उभी राहते आणि परत येते. लेकीची अर्धी राहिलेली वही घरात आहे, तिच्यात लिहिते आहे. मी चौथीपर्यंतच शिकले. लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या. बाकीचं समजून घ्या असं मी म्हणत नाही.

कुठून सुरू करू? गाण्यापासून करावं तर वाटतं, मी सगळं गाण्यावर ढकलते आहे. मशीनपासून करावं तर मशीनवर. हिराकाकीपासूनच करते.

हिराकाकी माझ्या नवऱ्याची चुलती. आमच्या माहीमपासून (मुंबईचं नव्हे) केळव्यापर्यंतची धवलारीण. म्हणजे हळदीला पाटाजवळ बसून जी बाई धवले गाते — देवांची नावं, त्या घराण्यातल्या वाडवडिलांची नावं घेत — ती. कागद नाही, वही नाही. कुठल्या घरात कोण वारलं, कोणाच्या आजीचं माहेर कुठलं, सगळं तिच्या तोंडात. एक नाव राहिलं तर तो पूर्वज रुसून मांडवाबाहेर उभा राहतो म्हणतात. काकीकडून कोणी बाहेर उभं राहिल्याचं मी ऐकलं नाही.

मी तिची मागची. धवलारणीच्या मागे नेहमी एक बाई बसते. पुढची ओळ टाकते, मागची उचलते. पण मागचीचं खरं काम वेगळंच असतं. पुढचीचा दम तुटला, ठसका लागला, तर ओळ खाली पडू द्यायची नाही. अंगाला हळद लागताना गाणं मध्येच थांबलेलं चालत नाही. वीस वर्षं मी हे केलं. मला ते आवडायचंही — काकीच्या पाठीआड बसलं की तिचा अंबाडा दिसतो, लोकांचे चेहरे दिसत नाहीत. चार माणसांत कोणी नाव विचारलं तरी मला घाम फुटतो. बोईसरच्या बाजारात सुकट घेऊन बसते, तिथे माझ्या टोपलीचा भावसुद्धा शेजारचीच ओरडते.

बाजारातच विलासभाऊंनी मला ओळखलं. ते साताऱ्याकडचे, तारापूरला कारखान्यात पाळीवर जातात आणि सुटीला घरच्या एका खोलीत गाणी रेकॉर्ड करतात. त्यांच्या सोबत काम करणाऱ्या कोणाच्या हळदीत त्यांनी काकीला ऐकलं होतं. ते सांगायचे, पूर्वी गाणं काढायचं म्हणजे मुंबई गाठायची, वादक जमवायचे, कॅसेटवाल्याच्या दारात बसायचं. आता एक माइक आणि एक कॉम्प्युटर. ढोल त्यातच, सनई त्यातच. दुपारी गाणं झालं की संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर. म्हणाले, काकी आहेत तोवर हे धरून ठेवू या, ताई. मला ते पटलं. अजूनही चूक वाटत नाही. मग चुकलं कुठे?

काकी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. खोलीच्या भिंतींना काळा स्पंज, खिडकी बंद, आवाज येतो म्हणून पंखाही बंद. तिने आधी विचारलं, नवरी कुठे? विलासभाऊ म्हणाले, नवरी नाही, या माइकला नवरी समजा. ती हसली, स्वतःच्याच घराण्याची नावं घेऊन तिने गायला सुरुवात केली. पहिली हाक अशी टाकली, की विलासभाऊंनी कॉम्प्युटरवरून मान वर केली. पण तिसऱ्या कडव्यात आवाज वर न्यावा लागतो, तिथे तिला खोकला आला. मी मागे होते, लगेच ओळ उचलली. विलासभाऊंनी हात वर केला. थांबा, तिथूनच परत घेऊ.

काकी म्हणाली, "परत? तुज्या बायकोला हळद दोनदा लावली काय रं?"

ते हसले, पण काकी हसत नव्हती. एकदा गायलेला धवला परत फिरवत नाहीत. फिरवला तर त्या नवरीला दुसऱ्यांदा बोहल्यावर चढावं लागतं — म्हणजे पहिल्या नवऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. तिने पदर सावरला आणि उठली. रिक्षात मला म्हणाली, "येडा हाय. पन चांगला हाय."

चार दिवसांनी विलासभाऊंचा फोन आला. काकींचा आवाज तुटतो त्या वरच्या जागा फक्त तुम्ही भरून द्या. मी घरी बाजाराला जाते म्हणून सांगितलं आणि गेले. हे पहिलं खोटं. पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

कानांवर ते मोठे हेडफोन चढवले आणि — कसं सांगू? त्या खोलीत कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. विलासभाऊ पडद्याकडे बघत होते. पुढे काकीची पाठ नव्हती आणि तरी मला भीती वाटत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिली ओळ टाकली. वरच्या जागा भरायला गेले होते, अख्खा धवला गायले. सहा वेळा. नवरीबिवरीचं मनातसुद्धा आलं नाही. मग त्यांनी माझा आवाज पडद्यावर दाखवला, डोंगरांच्या रांगेसारखा. जिथे सूर खाली बसला होता तिथे बोटाने जरा वर ओढला. ऐकवला. तो आवाज माझा होता का? माझाच होता, आणि इतका चांगला मी कधी गायलेच नव्हते. मला अजून कळत नाही, मग ते कोण गायलं.

त्यांनी काकीची पहिली हाक ठेवली. पुढचं सगळं माझं. नाव कोणाचं लिहू विचारलं. मी म्हटलं, काकीचंच लिहा. लाजेने म्हटलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण काकीच्या नावाशिवाय ते कोणी ऐकलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

गाणं आलं. खाली ठेका बसवलेला, सनई घातलेली. काकीच्या नातवाने तिला मोबाइलवर लावून दिलं. पहिली हाक तिने ओळखली — ती तिचीच होती ना — आणि मग ती ऐकतच राहिली. म्हणाली, मशीनने माझा खोकला काढला बघ, पंचवीस वर्षंही काढली. आजूबाजूच्या बायका बघायला आल्या. मी चहा करत होते. तेव्हाच सांगायचं होतं. पण ती इतकी खूश होती! आणि बायका त्या आवाजाचं कौतुक करत होत्या, ते मला आत स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मी गॅस बारीक केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

त्यानंतरची हळद केळव्याची. मोठं घर, मोठा मांडव, डीजे. सगळ्यांना गाण्यातली हिराकाकी बघायची होती, मोबाइल वर धरून पोरी उभ्या होत्या. काकीने सुरू केलं. तिसऱ्या कडव्यात ती वर गेली — गाण्यात आहे तशी जायचं म्हणून नेहमीपेक्षाही वर — आणि दम तुटला.

ओळ माझी होती.

मी तोंड उघडलं नाही.

उघडलं असतं तर त्या मांडवात सगळ्यांना कळलं असतं, गाण्यातला आवाज कोणाचा ते. म्हणून गप्प बसले का? बहुतेक म्हणूनच. पण काकीने मागे वळून पाहिलं. वीस वर्षांत ती कधी वळली नव्हती, तिला गरजच पडली नव्हती. मी खाली हळदीच्या वाटीकडे बघत राहिले. कोणीतरी हसलं. घरातल्या एका बाईने म्हटलं, "राहू द्या गो म्हातारीला, मोबाइलवरचं लावा." मग स्पीकरवर गाणं लागलं. काकीच्या घराण्याची नावं घेत त्या पोरीला हळद लागली. तिच्या वाडवडिलांतलं एकही नाव कोणी घेतलं नाही. आणि मला — हेच मला लिहवत नव्हतं — त्या एवढ्या मोठ्या स्पीकरवर माझा आवाज ऐकून बरं वाटलं. काकी शेजारी हळदीचे हात घेऊन बसली होती आणि मला बरं वाटलं.

परत येताना माहीम जवळ आल्यावर ती म्हणाली, "आवाज सगळा त्या मशीननं नेला गो. माज्या गळ्यात काय ठेवलाच नाय." मी हो म्हटलं.

तेव्हापासून ती गायली नाही. आता आमच्याकडे हळदीला ते गाणंच लावतात, धवलारणीला कोणी बोलावत नाही. काही घरांत तर त्यावर नाचतात. ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, एवढी मोठी मी नाही. ते होणारच होतं का? असेल. विलासभाऊ म्हणतात सगळीकडे असंच झालंय. मी तेवढ्यापुरतं बोलते आहे जेवढं माझं आहे.

आणि माझं अजून संपलेलं नाही. विलासभाऊंनी पुन्हा बोलावलं तेव्हा मी पुन्हा गेले. का गेले? त्या खोलीत मला गाता येतं, एवढंच मला माहीत आहे. तेलवणाचा, म्हणजे नवरीला तेल लावतानाचा, धवला गायले. पहिली हाकसुद्धा या वेळी माझीच. काकीसारखी टाकली. ती टाकताना मला जड गेलं नाही, वीस वर्षं ऐकत होते. नाव पुन्हा काकीचं.

ते गाणं काकीने शेजारच्या मांडवातून ऐकलं. मला बोलावून घेतलं. बराच वेळ ऐकून म्हणाली, "हा कदी गायली गो मी?"

मी म्हटलं, "गायलीस ना काकी. मी होते ना मागे."

ती म्हणाली, "आसंल. इसरली आसंन."

आता ती सगळ्यांना सांगते की तिला आठवत नाही. सून तिला गॅसपाशी जाऊ देत नाही. कोणी आपल्या पणज्याचं नाव विचारायला आलं, तर काकी नाव सांगते — बरोबर सांगते, मी ऐकलं आहे — आणि मग म्हणते, माझ्यावर विसंबू नका, दुसऱ्या कोणाला विचारा.