सातशे चाळीस किलो टिकल्या

तिच्या कामाचं नाव ऐकलं की लोक विषय बदलतात. ‘व्यापार चौकशी कार्यालयात कनिष्ठ तपासनीस’ एवढं सांगितल्यावर बँकेच्या रांगेत भेटलेल्या एका दूरच्या काकूंनी विचारलं होतं, “म्हणजे मॉलच्या दारात पर्सा उघडून बघतात, तसलं का गं?” आईने तेव्हापासून एक सोपं उत्तर तयार ठेवलं आहे : “परदेशातून येणाऱ्या मालात कोण लबाडी करतो, ते शोधते.”

उत्तर बरोबर आहे. बाहेरचे काही कारखानदार स्वतःच्या देशात ज्या भावाने विकतात, त्याहून स्वस्तात दुसऱ्याच्या देशात माल ओततात. तिथले कारखाने बसतात. तक्रार होते, चौकशी होते आणि लबाडी सिद्ध झाली तर त्या देशाच्या मालावर जादा शुल्क लागतं. मग काही हुशार मंडळी तोच माल तिसऱ्या देशात उतरवतात, खोकी बदलतात आणि ‘हा इथेच बनला’ असा दाखला लावून पुढे पाठवतात. दाखला खरा की खोटा, हे त्या तिसऱ्या देशातल्या कारखान्यात जाऊन बघावं लागतं.

हे प्रकरण दाराच्या बिजागऱ्यांचं होतं आणि ते तिनेच उकरून काढलं होतं. एका देशाच्या बिजागऱ्यांवर जादा शुल्क लागल्यावर दोनच महिन्यांत, ज्या दुसऱ्या देशातून वर्षाला खोकंभर बिजागऱ्या येत नव्हत्या, तिथून महिन्याला चार लाख यायला लागल्या. एकाच कारखान्यातून, गेलं दीड वर्ष. ती आकड्यांचा कागद घेऊन वरिष्ठांच्या टेबलाशी उभी राहिली. कार्यालयात त्यांना ‘ब्रेक’ म्हणतात. कुणाचीही गाडी जोरात निघाली की ते थांबवतात, म्हणून. तिला ‘वजनकाटा’ म्हणतात. वडील लवकर गेले, ती आणि आई मामाकडे राहिल्या आणि मामाचं भंगाराचं दुकान होतं. शाळा सुटली की ती काट्याशेजारी बसून वजनं लिहून घ्यायची.

ब्रेक यांनी कागद दोनदा वाचला. “जाऊ. तीन दिवस मिळतील. पण रिकाम्या हाताने परत आलो तर ही फाइल बंद, आणि तुझं टेबल आवक-जावकला.”

ती परिविक्षेवर होती, नोकरी अजून कायम नव्हती. आवक-जावक म्हणजे आलेल्या टपालावर शिक्के मारण्याचा विभाग. ब्रेक विनोद करत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

निघण्याआधी ती आपल्याच देशातला एक बिजागरीचा कारखाना बघून आली. दिवसभर पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या खोलीत फिरली आणि घरी आली तेव्हा फरशीवर टकटक आवाज करत आली. बिजागरीला भोकं पाडताना पोलादाच्या बारीक गोल टिकल्या खाली पडतात, त्या बुटांच्या तळव्यात रुतल्या होत्या. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “घोडा आणलास का घरी?”

त्या तिसऱ्या देशातल्या कारखान्यात पहिला दिवस कागदांत गेला. कागद देखणे होते. पत्र्याची खरेदी, पगार, विजेची बिलं, सगळं तारीखवार. व्यवस्थापक गुळगुळीत बोलणारा, हातात कायम एक छोटी वही. ब्रेक यांनी दहा बिलं मधूनच उपसून तपासली. दहाही चोख निघाली. संध्याकाळी गाडीत ते एवढंच म्हणाले, “फार छान आहे.” त्यांच्या तोंडी ही तक्रार होती.

दुसऱ्या दिवशी कारखाना बघायचा होता. सहा प्रेस ओळीने धडधडत होते, कामगार बिजागरीच्या पात्या घालत होते, काढत होते. तिने एक फेरी मारली, दुसरी मारली. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी काहीतरी टोचत होतं. बाहेरच्या सिमेंटच्या वाटेवर आल्यावर तिला कळलं की काहीच टोचत नाही, हीच भानगड आहे. तिचे बूट वाजत नव्हते.

तिने एक पाय उचलून तळवा बघितला. स्वच्छ. दाराशी कामगारांचे बूट ठेवलेले होते, तिने त्यातले दोन उलटे केले. तेही स्वच्छ. एक सुपरवायझर तिच्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला.

ती आत धावतच गेली. बिजागरीत भोकं सहा, महिन्याला बिजागऱ्या चार लाख, म्हणजे टिकल्या चोवीस लाख. एका टिकलीचं वजन तिला मामाच्या दुकानापासून अंदाजाने ठाऊक होतं, ग्रॅमचा तिसरा हिस्सा, किंचित कमी.

“भोकं कुठे आहेत?” तिने व्यवस्थापकाला विचारलं.

“भोकं बिजागरीत आहेत, मॅडम.”

“त्यांतून निघालेल्या टिकल्या कुठे आहेत?”

त्याने कोपऱ्यातलं पिंप दाखवलं. तळाशी ओंजळभर टिकल्या होत्या, सगळ्या आज सकाळच्या, लखलखीत. “बाकीचं भंगारवाला नेतो. भंगाराकडे कोण बघतं?”

“महिन्याला सातशे चाळीस किलो निघायला हव्यात,” ती म्हणाली. “दीड वर्ष. कुणीतरी बघितलंच असेल.”

तिच्यामागे ब्रेक खोकले. व्यवस्थापकाने छोटी वही उघडून काहीतरी टिपलं. “पावत्या असतील. उद्या सकाळी देतो.”

गाडीचं दार लागलं. मग ब्रेक ‘तू’वरून ‘तुम्ही’वर गेले. “झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शाळेत शिकवलं नव्हतं का तुम्हाला? आपला आकडा समोरच्यापुढे बोलायचा नाही. पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही हे. आता तो तुमच्या मापाच्या पावत्या शिवून आणेल.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. पुढचा सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. हॉटेलवर आल्या आल्या तिने मामाला फोन लावला. बोलणं भलत्याच गोष्टीवरून सुरू झालं, पण टिकल्यांवर आलं.

“पात्या कशातून कापतात?” मामाने विचारलं.

“पत्र्याच्या पट्टीतून.”

“मग जाळी कुठे गेली?”

ती पलंगावर बसली.

“पात्या कापून घेतल्या की पट्टीची जाळी उरते. कडा उरतात. खरं भंगार ते. टिकल्या म्हणजे वरचा चुरा. तू नुसता चुरा मोजलास?”

“विसरले, मामा.”

“दहा वर्षं माझ्या काट्याशी बसलीस आणि जाळी विसरलीस? बाहेर बोलू नकोस. धंद्याचं नाव जाईल.”

तिने कारखान्याच्याच नोंदींच्या प्रती पलंगावर पसरल्या. महिन्याला पत्रा आत आला चौतीस टन. पात्या बनल्या अठ्ठावीस टन. भंगार व्हायला हवं सहा टन. तिने सांगितलेला आकडा पाऊण टनाचाही नव्हता. ती कागद घेऊन जिन्याने खाली गेली. ब्रेक जेवत होते. त्यांनी कागद बघितला आणि घास हातातच राहिला.

“म्हणजे तुझा आकडा चुकला होता.”

“हो, सर.”

“आणि तो त्यांना ठाऊक नाही.” ‘तू’ परत आलं होतं. “उद्या मी म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. शिंकसुद्धा नको.”

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता व्यवस्थापक नवी कोरी फाइल घेऊन आला. अठरा महिन्यांच्या अठरा पावत्या. तिने पहिली उघडली : सातशे अडतीस किलो. दुसरी : सातशे एक्केचाळीस. मग सातशे चाळीस, सातशे त्रेचाळीस, सातशे एकोणचाळीस. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

ब्रेक निवांतपणे पानं उलटत होते. “कारखान्यातून बाहेर गेलेलं भंगार ते हेच?”

“हेच.”

“सगळं?”

“किलो न् किलो, साहेब.”

“मग प्रत्येकीवर सही करा. तसं लिहूनही द्या.”

व्यवस्थापकाने अठरा सह्या केल्या. ती मनात मोजत होती. अकराव्या सहीला पेन अडलं तेव्हा तिने स्वतःचं पुढे केलं. अठरावी झाल्यावर ब्रेक यांनी पत्र्याच्या खरेदीची नोंदवही फाइलीशेजारी ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली. “आता मॅडम विचारतील.”

तिने शब्द एकेक करून ठेवले. “चौतीस टन पत्रा आत आला. अठ्ठावीस टनांच्या पात्या झाल्या. दोन्ही आकडे तुमचे. महिन्याला सहा टन भंगार उरतं. पावत्यांत पाऊण टनसुद्धा नाही. उरलेलं सव्वापाच टन दाखवा.”

व्यवस्थापक पाणी प्यायला. छोटी वही उघडली, मिटली. “कामगार थोडंफार घरी नेत असतील.”

“दीड वर्षात पंच्याण्णव टन,” ब्रेक म्हणाले. “जेवणाच्या डब्यातून?”

त्यानंतर फोन झाले. दुपारी दोनला तो म्हणाला, काही पावत्या नजरचुकीने राहिल्या असतील. तिने त्याच्याच हातचा ‘सगळं भंगार’ असं लिहिलेला कागद पुढे सरकवला. साडेचारला त्याने दोन दिवसांची मुदत मागितली. पाच वाजता तपासणीची नोंद बंद होते. त्यानंतर आलेला कागद धरला जात नाही, हा नियम त्यालाही पहिल्याच दिवशी लिहून दिलेला होता. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती. पाचला दोन मिनिटं असताना व्यवस्थापकाने नोंदीच्या शेवटच्या पानावर सही केली. त्याच्या उत्तराच्या जागी तिने लिहिलं होतं : ‘खुलासा देता आला नाही.’

या लोकांनी खरेदी खोटी रचली होती, पगार रचले होते, विजेच्या बिलांसाठी रिकामे प्रेस चालवले असावेत. प्रत्येक गोष्ट आत येताना दाखवली. कारखान्यातून घाणही बाहेर जाते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चार महिन्यांनी निर्णय लागला. त्या बिजागऱ्या तिथे बनत नव्हत्या असं ठरलं आणि मूळ देशाचं जादा शुल्क त्यांनाही लागलं. तिचं टेबल हललं नाही. नोकरी कायम झाल्याच्या पत्रासोबत ब्रेक यांचा शेरा आला : ‘काम समाधानकारक. उत्साहाच्या भरात आकडा बोलून दाखवतात. सुधारणा अपेक्षित.’

तिने तो मामाला फोनवर वाचून दाखवला.

“आणि आकडा चुकीचा होता, ते नाही लिहिलं?”

“नाही.”

“मग माणूस चांगला आहे,” मामा म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.