खाडी कवा परत?

नव्वदच्या दशकात मी पावणे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत, कारखानदारांच्या संघटनेत कामाला होते. सगळ्या कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारं केंद्र उभारायचं होतं. त्यासाठी सरकारी कर्ज मिळवण्याचं काम माझ्याकडे होतं.

घरी जाताना वाशीला मी दिवाळे गावच्या एका कोळणीकडून मासळी घेई. नाव कधी विचारलं नाही. मी तिला मावशी म्हणे, ती मला बाय. मुंबईच्या धक्क्यावरून आणलेली पापलेटं ती मांडायची, पण पाटीचा एक कोपरा रिकामा ठेवायची. "थं आमचे खाडीचा जिताडा बसाचा," ती सांगायची. कारखान्यांचं सांडपाणी खाडीत जाऊन आता तिथल्या माशाला रॉकेलचा वास येई, गिऱ्हाईक हात लावत नसे.

कर्ज मंजूर झालं त्या संध्याकाळी मी तिला घाईघाईने बातमी दिली.

"घान केली त्यांनी, नि कर्जबी त्यांनाच?" ती हसली.

"फुकट नाही मावशी, परत करायचंय."

"कर्ज सरकारला परत. नि खाडी आमाला कवा परत?"

"वर्षं लागतील," मी खरं ते सांगितलं.

तिने कोयता खाली ठेवला, ओले हात लुगड्याला पुसले. मग दोन्ही हात लांबवून जिताडा केवढा असायचा ते दाखवलं. हात तसेच ठेवून म्हणाली, "मी तवा नसन. आयक, त्याला नारल घालू नको. चिंच नि लसून, बाकी काय नको."

मला बस गाठायची होती. तरी मी उभी राहिले आणि न मिळणाऱ्या माशाचं कालवण शेवटपर्यंत ऐकून घेतलं.