घोषणेमागचे दात

शाळेच्या दंततपासणीत मी भाचीचे दात टेबलावर मांडले. म्हणजे तिच्या दातांचा प्लास्टरचा साचा. दातांच्या दवाखान्यात साचे ओतायचं काम माझं. वाकड्या दातांचा नमुना हवा होता, म्हटलं घरचाच नेऊ. चेहऱ्याशिवाय ओळखणार कोण? तिच्याच वर्गातल्या, चौथीच्या पोरांनी माझं शहाणपण तिथल्या तिथे मोडीत काढलं.

"ही तर आपली फाटकबाई!" एकजण ओरडला. दातांवरून पोरांनी भाचीला पाडलेलं नाव.

पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, सुळा बाहेर. अख्ख्या वर्गाला पाठ होते ते. भाची रांगेतून निघून गेली. डॉक्टरांपुढे तोंड उघडेचना.

मग डबाही ती भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली. दाढ ठणकत होती, तरी दाखवेना. वाकड्या दातांत घास अडकतो, ब्रश पोचत नाही, कीड लागते, हे मी लोकांच्या पोरांना पोपटासारखं सांगतो. घरच्या पोरीचं तोंड मात्र मीच शिवून ठेवलं होतं.

तिची आई, म्हणजे माझी ताई, बसस्थानकात गाड्यांची घोषणा करते. आवाज असा, की चुकीच्या गाडीत बसलेला माणूस लाजून उतरतो. पण तिला पाहिलेलं फारसं कुणी नाही. काचेला पडदा ओढूनच माइकपुढे बसते. दात तिचेही तसेच. लहानपणापासून हसू आलं की तळहात तोंडावर. लग्नाच्या फोटोत ओठ घट्ट मिटलेले. भावजी म्हणतात, "वाटलं, बायको अबोल मिळाली. फसलो!"

वाटलं होतं, ताई मला फाडून खाईल. ती एवढंच म्हणाली, "तोंड झाकायला ती माझ्याकडूनच शिकली रे. तू फक्त चारचौघांत दाखवलंस."

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"आता माझा साचा काढ," ती म्हणाली.

राहिलेल्या मुलांसाठी डॉक्टर पुन्हा शाळेत गेले, तेव्हा ताई आली. साचा टेबलावर ठेवला. हात सवयीने तोंडाकडे निघाला होता, तो अर्ध्यातून खाली घेतला.

"कृपया लक्ष द्या," तिने थेट स्थानकातलाच सूर लावला. "हे दात माझे आहेत. लाजेपायी दाखवले नाहीत, म्हणून दोन दाढा गेल्या. ज्यांना हसायचंय त्यांनी आताच हसून घ्यावं."

कान लालबुंद झाले होते तिचे. पोरं हसली, नाही असं नाही. पण 'फाटकबाई' म्हणणाऱ्यानेच विचारलं, "काकू, स्टँडवर बोलता त्या तुम्हीच?"

भाची खुर्चीत बसली. आईचं बोट धरून, डोळे मिटून तिने तोंड उघडलं.

"दाढ वाचेल," डॉक्टर म्हणाले. "तारेचं मग बघू."

घरी येताना भाची इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मामा, आता तुझा साचा."

मी मिशीवरून हात फिरवला.

"ती मिशी कशासाठी वाढवलीय, मला माहितीये हो, शहाण्या," ताई म्हणाली.

"देतो की! नाही कुठं म्हणतोय?"

तेव्हापासून कितीतरी तोंडांचे साचे ओतले. माझा तेवढा राहिलाय. भाची भेटली की काही विचारत नाही, नुसती मिशीकडे बघते.